गिरणीवर आळ

कुठलंही यंत्र अडलं, की मावशी आधी त्याच्यावर तळवा टेकवायच्या. डोळे मिटून थोडं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "अडकतंय. मेलं न्हाई." कुणी यंत्राला 'मेलं' म्हटलं, की त्यांना आपल्याच माणसाबद्दल बोलल्यासारखा राग यायचा.

भुकूममधली माझी भाड्याची खोली आणि त्यांची पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत होती. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली. पट्टा त्याच चढवत, दळणाच्या दगडाला टाकी त्याच लावत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्यापुढे डबा ठेवतो आणि परत येतो. मीही बरीच वर्षं तेवढंच केलं.

मग समोरच्या शेतात सोसायटी उभी राहिली. वर्षभरात ग्रामपंचायतीकडे तक्रार गेली : आवाज होतो, पीठ उडतं, गिरणी हलवावी. तीन दिवसांत लेखी उत्तर द्या, नाही तर गिरणी बंद होईल, असा कागद मावशींच्या हातात पडला.

"हाताने लिहून देतो," मी म्हणालो.

"न्हाई. त्यांचा कागद छापील हाय, माझाबी छापीलच पायजे."

आणि माझा काँप्युटर त्याच आठवड्यात बिघडलेला. दोन ओळी लिहिल्या, की पडदा गप्प. पाच-सहा सेकंदांनी सगळी अक्षरं एकदम धावत यायची, की पुन्हा गप्प. कोथरूडहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने झाकण न काढताच निकाल दिला. "आत पीठ गेलंय. फॉरमॅट मारू, नाही तर नवीन घ्या. गिरणीशेजारी काँप्युटर टिकत नाही, सर."

मावशी दारातच उभ्या होत्या. तक्रारीत जे लिहिलं होतं, तेच हा माणूस माझ्या घरात बसून सांगत होता. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

तो गेल्यावर त्या गिरणीतला पेचकस घेऊन आल्या. "माझ्या पिठाचं नाव घेतलंय. आता उघडल्याबिगर मी हलायची न्हाई."

कडेचा पत्रा निघाला. चालू यंत्राजवळ कान नेऊन त्या म्हणाल्या, "पंखा दमतोय बगा." मी वायर काढली. पंख्याच्या दांड्याला दोरा घट्ट गुंडाळला गेला होता. त्याला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटलेल्या.

"हे माझं पीठ हाय व्हय, सर?"

माझी मान खाली गेली. खंडेनवमीला काँप्युटरची पूजा करून मी त्याला हार घातला होता आणि आठवडाभर तसाच ठेवला होता. जाळीतून पंख्याने त्याचा दोरा आत ओढला. पंखा फिरेना, यंत्र तापे आणि निवेपर्यंत थांबे.

"पूजा आमीबी करतो. पण चालू करायच्या आदी हार काडतो. शिकल्यालं माणूस तुमी!" असं म्हणत त्यांनी दाभणाने दोरा सोडवला. कोपऱ्यात थोडं पीठही होतं. ते ब्रशने झाडून त्यांनी मला दाखवलं. "हे माजं. चिमूटभर हाय, चिमूटभर आळ घेते."

यंत्र सलग चालू लागलं. मी लिहिलं, 'सदर गिरणी पूर्वापार अस्तित्वात असून...'

"ही कोण बाई बोलतीया? खोडा. लिवा, गिरणी आदी हाय, खिडक्या मागनं आल्या. पीठ उडतं तितं मी गोणपाट लावते. गिरणी हलणार न्हाई."

तसंच छापलं. खाली त्यांनी सावकाश, एकेक अक्षर दाबत सही केली. गिरणी राहिली. पुढे तक्रार करणाऱ्या सेक्रेटरींच्या घरचा डबाही येऊ लागला. ते रस्त्यात दिसले, की मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, "सायेब, बाईसायबांचं दळान झालंय बरं का!"

दोन वर्षांपूर्वी, भातकापणीच्या दिवसांत, एका सकाळी पट्टा चढवता चढवता मावशी खाली बसल्या. त्या उठल्या नाहीत.

तेराव्यानंतर मावशींच्या सुनेने गिरणी उघडली. त्याच सकाळी सोसायटीचा माणूस नवा छापील कागद देऊन गेला : चालवणारं आता कोणी उरलं नाही, तरी गिरणी कायमची बंद करावी. सुनेने तो उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला. गिरणी बरेच दिवस बंद राहिली, की पहिलं पीठ कचकचीत येतं, ते गिऱ्हाइकाला देत नाहीत. तिने तो कागद पीठ पडतं त्या तोंडाखाली पसरला, ओंजळभर ज्वारी टाकली आणि बटण दाबलं. भिंत थरथरली. कागदावरची अक्षरं बुजत गेली. तिने त्यातलं चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं.

"जाडं पडतंय," ती म्हणाली आणि तिने चाक आवळलं.