काजमावशीचा गुडघा

तिला सगळे काजमावशी म्हणत. शर्टांच्या त्या कारखान्यात शिवणाऱ्या चौदा जणी होत्या, पण काज करणारी ती एकटी, आणि काजाशिवाय शर्ट म्हणजे नुसतं झबलं. काजाचं मशीन जुनं खोड होतं. दुसरं कुणी बसलं की तिसऱ्या काजाला दोरा तुटायचा. काजमावशी बसली की तेच मशीन गायीसारखं गरीब. "हातगुण आहे," मालक आल्यागेल्याला सांगत, आणि ती मान खाली घालून मनातल्या मनात फुगे.

हातगुण कसला डोंबलाचा! गुण होता तो गुडघ्याचा. बावीस वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं होतं की मशीनच्या स्टँडचा डावा पाय थरथरतो आणि म्हणून दोरा तुटतो. तिथे गुडघा दाबायचा, सुई टोकाला वळली की जरा सैल सोडायचा, पुन्हा दाबायचा. मेकॅनिकने एकदा पाचर ठोकून पाहिली, तर वळणावर काज वाकडं झालं. कधी सैल सोडायचं ते लाकडाच्या तुकड्याला कुठून कळणार? गुडघ्याची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीच मूठ आता महागात पडत होती. दुसऱ्या गावी तिची ताई एकटी राहायची आणि ताईची नजर भराभर जात चालली होती. रोज चार वाजता फोन. "आज चहात मीठ घातलं गं मी. तुझा चेहरा दिसतोय तोवर ये." तिला जायचंच होतं. पण नवरा गेला तेव्हा याच मालकांनी काम दिलं होतं, मागची खोली दिली होती, आणि तिने शब्द दिला होता, "माझ्या जागी माणूस तयार केल्याशिवाय जाणार नाही." तीन जणी बसवून झाल्या. तिघींना तिने हात शिकवला, गुडघा शिकवला नाही. तिघीही रडकुंडीला येऊन उठल्या. दर वेळी तिला आतून थोडं बरं वाटलं होतं, त्याची आता लाज वाटत होती.

मेलं मशीन तरी मोडावं! दोनदा तिने मुद्दाम तेल घातलं नाही. तरी चाललंच. मालक म्हणत, "मोडलं की नवं आणू. चालतंय तोवर चालवू."

मग एका दुपारी ताई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आता महिनाभर दिसेल फार तर." दुसऱ्या दिवशी काजमावशीने मालकांना बोलावलं, इस्त्री करणारीला मशीनवर बसवलं आणि मूठ उघडली.

"हातगुण वगैरे काही नाही. सगळं गुडघ्यात आहे."

सगळ्या खो खो हसल्या. "मावशी, थट्टा पुरे," मालक म्हणाले.

इस्त्रीवाली उंचनिंच. तिचा गुडघा वीतभर वर लागत होता. दोरा तुटला. स्टूल बदललं, तर गुडघा वरच्या फळीला अडकला. पुन्हा दोरा तुटला. हे आत्ता जमलं नाही तर कधीच जमायचं नाही. काजमावशी कण्हत खाली बसली, टेबलाखाली सरकली आणि स्टँडचा तो पाय हाताने दाबून धरला. "चालव गं!"

मशीन चाललं. वळणावर तिने हात सैल सोडला, पुन्हा दाबला. एक काज, दोन काजं, बघता बघता अख्खा शर्ट.

"बघा, असं असतं हे!" ती खालून ओरडली.

मालकांनी टाळीच वाजवली. "वा! काय जोडी जमलीय! मावशी, उद्यापासून असंच करत जा. तुम्ही खाली, ही वर. तुमच्या डोळ्यांनाही आराम." आणि ते खूश होऊन निघूनही गेले.

अहो पण, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वर टेबलावर फोन वाजला. चार वाजले होते.

"मावशी, तुमची ताई," इस्त्रीवाली म्हणाली. तिने दुसरा शर्ट लावला होता, सुई मधल्या काजात होती. हात काढला असता तर दोरा तुटला असता.

"एवढं काज होऊ दे."

फोन वाजून वाजून थांबला.

"दाबा हं मावशी," वरून आवाज आला, "पुढचा शर्ट लावला."

तिने दाबलं.