कोरडा प्लग

आजारपणानंतर मिस्त्रींच्या तोंडात जो पहिला धड शब्द परत आला तो होता ‘चूक’. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीणबाई टॉवेलची घडी करत नुसत्या उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षं हा शब्द त्यांनी दिवसातून दहादा ऐकला होता. तो परत आला नसता तरी त्यांचं काही अडणार नव्हतं.

मिस्त्री घरामागच्या शेडमध्ये गवत कापायची मशीनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत. हात सोन्याचा, असं आजूबाजूच्या गल्ल्यांत सगळेच म्हणत. त्या हाताखाली आणखी दोन हात होते, ते मात्र कुणाच्या नजरेस पडले नाहीत. कार्बोरेटर उघडायचा, त्यातले बारीकसारीक भाग पेट्रोलमध्ये धुवायचे, भोकं साफ करायची, सगळं पुन्हा जागच्या जागी बसवायचं, हे काम बाईंचं. त्यांची बोटं बारीक म्हणून. गिऱ्हाईक फाटकाशी दिसलं की मिस्त्री म्हणत, “आत जा, चहा टाक.” बाई हात पुसून आत जात. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मशीन धडधडत असे आणि गिऱ्हाईक मिस्त्रींची पाठ थोपटत असे.

आता मिस्त्रींची उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले, रोज अंगणात चालवा. पण अंगणात गवत गुडघ्याएवढं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींची काठी त्यात अडकली आणि ते पडता पडता वाचले. म्हणून बाईंनी घरचं मशीन बाहेर काढलं. टाकी उघडून वास घेतला. पेट्रोल गेल्या हंगामातलं, शिळं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. ते सगळं काढून ताजं भरलं, दांड्यावरची पट्टी दाबून धरली आणि दोरी ओढली. दहा वेळा ओढली. मशीन ढिम्म.

इंजिनचा ठिणगी पाडणारा प्लग काढून बघावा म्हणून त्या शेडमध्ये पान्हा आणायला गेल्या आणि दारातच थबकल्या. भिंतीवर नुसते खिळे. पान्हे, पक्कड, हातोड्या, काही म्हणजे काही नव्हतं. त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले जेट आणि वॉशरचे डबेसुद्धा गायब.

“अहो, शेडमधलं सामान कुठे गेलं?”

मिस्त्रींनी डाव्या हाताने पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिकडे धाकट्या भावाचं घर होतं.

“तुम्ही दिलंत?”

मान हलली. होकारार्थी.

दीर बोलावल्यावर लगेच आले. चोर काही नव्हते बिचारे. पान्हाही सोबत आणला होता. “वहिनी, दादानेच नेऊ दिलं. तुम्ही औषधं आणायला गेला होता त्या दिवशी. नुसतं गंजत पडलं असतं. तुम्हाला काय उपयोग त्याचा?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांनी मशीनच दिरांपुढे सरकवलं. भांडायची सवयच नव्हती.

दिरांनी बाह्या सरसावल्या आणि दोरी ओढायला सुरुवात केली. ओढून ओढून घामाघूम झाले. “भावजी, दांड्यावरची पट्टी दाबा, नाहीतर ते सुरू व्हायचंच नाही,” बाई म्हणाल्या. मग पट्टी दाबून ओढलं. तरी नाही. शेवटी दिरांनी हात टेकले. “इंजिन गेलंय, वहिनी. भंगारात घाला.” व्हरांड्यातल्या खुर्चीतून मिस्त्रींनी मान डोलावली.

“तो पान्हा द्या इकडे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी प्लग काढला. काजळी ब्रशने घासली, प्लग वायरला जोडून इंजिनच्या धातूला टेकवला आणि दिरांना दोरी ओढायला लावली. निळी ठिणगी उडाली. म्हणजे प्लग शाबूत होता. पण इतक्या वेळा दोरी ओढूनही तो कोरडा ठणठणीत होता. पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नव्हतं.

“चूक,” व्हरांड्यातून आवाज आला. बाईंनी वर पाहिलं नाही.

कार्बोरेटरची तळातली वाटी त्यांनी उतरवली. आत शिळ्या पेट्रोलचा हिरवट, चिकट थर साचला होता. पेट्रोल जिथून इंजिनात जातं त्या जेटचं बारीक भोक बुजलेलं. विजेच्या वायरमधली एकच बारीक तार ओढून घेऊन त्यांनी ते उघडलं आणि उजेडाकडे धरलं. भोकातून आभाळाचा ठिपका दिसला. मग सगळं धुऊन परत बसवलं, पट्टी दाबली आणि स्वतः दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन खोकलं, तिसऱ्याला धडधडून सुरू झालं.

दीर आनंदाने ओरडले, “दादा, बघ! मी मघाशी ओढून ओढून मोकळं केलं होतं म्हणून झालं!”

मिस्त्रींनी डाव्या हाताचा अंगठा वर केला. भावाकडे बघून.

बाईंनी मशीन पुढे ढकललं. सगळं अंगण कापून होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं, तेवढाच काय तो त्यांना आराम. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. “बाबांनी बसल्या बसल्या दाखवलं असेल ना सगळं?” लेक म्हणाली. “ग्रेट आहेत बाबा!” बाईंनी दुसराच विषय काढला.

अवजारं त्यांनी दुसऱ्या दिवशी दिरांच्या घरी जाऊन परत आणली. दोन खेपा झाल्या. दीर फुरंगटले, मिस्त्री चार दिवस जेवताना तोंड फिरवून बसले. बसू दे, बाई म्हणाल्या.

मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई आपलं मशीन घेऊन आल्या. फाटकातूनच विचारलं, “मिस्त्री बरे झाले का? नाहीतर दुसरीकडे नेते.”

मिस्त्रीणबाई आत गेल्या. मग नवऱ्याला खुर्चीसकट ओढत आणून शेडच्या दारात बसवलं, त्यांच्या मांडीवर हात पुसायचं फडकं टाकलं आणि फाटक उघडलं.

तासाभराने त्या बाई परत आल्या तेव्हा मशीन धडधडत होतं. “आजारपणातही हातातलं कसब गेलं नाही हं तुमच्या,” त्या बाई मिस्त्रींना म्हणाल्या. मिस्त्री भरल्या डोळ्यांनी हसले, अर्ध्या तोंडाने. मिस्त्रीणबाई कोपऱ्यात वाकून सांडलेलं पेट्रोल पुसत होत्या.