मागच्या रांगेकडे दाखवलेलं बोट

मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली तेव्हापासून मला आयर्लंडच्या संसदेचं वेड लागलं. त्यांची दुपार म्हणजे आमची, सिंगापूरची संध्याकाळ. मी कामावरून येऊन ताटावर बसतो आणि तिकडे विरोधी पक्षनेते उठून पंतप्रधानांना समोरासमोर प्रश्न विचारतात.

पहिली क्लिप मुलीनेच पाठवली होती. तिला तिथे राहायला खोली मिळत नव्हती आणि संसदेत चर्चा घरांचीच होती. विरोधी पक्षनेत्यांच्या हातात एका बाईचं पत्र होतं, दोन मुलं घेऊन एका खोलीत राहणाऱ्या. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी वर गॅलरीकडे बोट केलं. त्या बाई इथेच बसल्या आहेत, त्यांच्याकडे बघून उत्तर द्या, हो की नाही? पंतप्रधान कागद चाळायला लागले. मी आमटीचा चमचा ठेवून टाळी वाजवली.

"असा माणूस आपल्या इथल्या मराठी मंडळाला पाहिजे," मी बायकोला म्हणालो.

"मंडळात गणपती असतो. सरकार नसतं," ती म्हणाली आणि भात वाढला.

मला मात्र मंडळात सरकारच दिसत होतं. मी दहावी पास फिटर. शिपयार्डात घाम गाळून पुढे स्वतःचा धंदा उभा केला. जहाजांना सुटे भाग पुरवतो, दिवसभर घासाघीस करतो आणि त्यात मला कोणी हरवत नाही. मंडळात बहुतेक आयटीवाले, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारे. आम्ही यिशुनच्या सरकारी फ्लॅटमध्ये. "कुठे असता?" "यिशुनला." "अच्छा, यिशुन." हा 'अच्छा' मी अठरा वर्षं ऐकत आलो.

आमच्या गणपतीला प्राणप्रतिष्ठेसाठी जे जोडपं पाटावर बसतं, ते तीन वर्षं बसतं. गेल्या वर्षी तो मान आम्हाला मिळाला. अध्यक्षांनीच आमचं नाव सुचवलं होतं. अध्यक्ष म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनियर, त्यांना सगळे चीफच म्हणतात. मी या देशात नवा असताना मला पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं. आणि यंदा अचानक ग्रुपवर मेसेज आला की पूजेला दुसरं जोडपं बसेल. बुकित तिमाहचं. कारण दिलेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. वार्षिक सभेपर्यंत मी रोज एक क्लिप बघितली. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं शिकून घेतलं. बायको दोनदा म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना." मी म्हणालो, "तुझ्यासाठीच बोलणार आहे." त्यावर ती भांडी आवरायला उठली. मला वाटलं, पटलं.

सभा एका कॉन्डोच्या हॉलमध्ये होती. मी उभा राहिलो.

"माननीय अध्यक्ष, आमचं नाव कोणी काढलं?"

"समितीचा निर्णय आहे," चीफ म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. इथेच. समितीतल्या कोणालाच कारण माहीत नाही, मी एकेकाला फोन केलाय. निर्णय तुमचा एकट्याचा. हो की नाही?"

"अरे, तू खाली बस."

"यिशुनची माणसं पाटावर शोभत नाहीत का?" मी मागच्या रांगेकडे बोट केलं. "ती बघा, माझी बायको तिथे बसली आहे. वर्षभर तिने तो पाट मनात धरला होता. तिच्याकडे बघून उत्तर द्या."

पन्नास माना वळल्या. चीफनीही तिच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. तिने मान खाली घातली होती. मला तो माझा विजय वाटला.

"हो," चीफ म्हणाले. "माझा एकट्याचा."

"मग राजीनामा द्या."

कोणीतरी टाळी वाजवली. सत्तरीच्या त्या माणसाने समोरचा कागद उलटा केला, त्यावर दोन ओळी लिहिल्या, सचिवांना दिल्या आणि ते छत्री घेऊन निघून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

टॅक्सीत मी सगळं भाषण पुन्हा सांगत होतो. आमच्या ब्लॉकखाली उतरल्यावर बायको लिफ्टकडे न जाता तिथल्या बाकावर बसली.

"मीच काढायला सांगितलं होतं आपलं नाव," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"गेल्या वर्षी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होती. आठवतंय?"

आठवत होतं. हॉल एक वाजता रिकामा करायचा होता आणि गुरुजी सावकाश चालले होते. मी पाटावरूनच म्हणालो होतो, "गुरुजी, अकरा करा." ते म्हणाले, "संकल्प एकवीसचा सोडलाय." मी म्हणालो, "बरं, तेरा. आता शेवटचं." लोक हसले. तेरावर सौदा पटला. पुढे कित्येक दिवस मी तो किस्सा सांगत होतो.

"यजमानाच्या हाताला बायकोने हात लावायचा असतो," ती म्हणाली. "तुम्ही जे कराल ते दोघांचं होतं. माझा हात तुमच्या हाताला होता आणि तुम्ही देवासमोर भाव करत होता. एकवीस मी सांगितली होती गुरुजींना. पोरगी इतक्या लांब चालली होती म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मलाही अकरावर आणलं असतं. चीफना मी म्हटलं, मला पुन्हा यांच्याशेजारी बसायचं नाही, आणि हे यांना सांगू नका. त्यांनी शब्द दिला होता."

ती उठून वर गेली. मी बाकावरच राहिलो. हॉलमध्ये टाळी वाजली तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचार करायचा मी प्रयत्न केला, पण पुरता करवेना.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, त्या पत्रवाल्या बाईला त्यांनी आधी विचारलं असणार ना?"

मी इतक्या क्लिप पाहिल्या होत्या. हे मनात आलं नव्हतं.

मी इथल्याच क्वीन्सटाउन भागात चीफच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, "राजीनामा मागे घ्या. मी ग्रुपवर खरं काय ते लिहितो."

"खरं काय ते लिहिशील? मग मी गप्प का बसलो रे?"

"मग तुमच्या नावावरचा डाग?"

"राहू दे. उतारवयात एखादा चालतो." ते हसले. "आणि माझ्याशी भाव करू नकोस. परत येणार नाही. दमलो मी."

घरी येऊन मी मेसेज लिहिला. पाठवण्याआधी फोन बायकोसमोर धरला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. काही पाठवण्याआधी तिला दाखवायची ही माझी पहिलीच वेळ. तिने चष्मा लावून वाचलं आणि 'माझ्या पत्नीचीही क्षमा मागतो' ही ओळ काढून टाकली.

"ते मला म्हणा," ती म्हणाली. "लोकांना कशाला?"

उरलं ते एवढंच: सभेत मी अध्यक्षांवर केलेला आरोप खोटा होता. चूक माझी होती. कारण विचारू नये.

लोकांनी अर्थातच विचारलं. मी दबावाला भ्यालो, असंही कोणी म्हणालं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. ती कोथिंबीर निवडत होती. क्षमा कशी मागायची ते मला येत नव्हतं. मी समोर बसून काड्या वेगळ्या करायला लागलो.