विनूकाका आणि डेन्मार्कचे ट्वीटर

"आता निदान दुपारी डोळ्याला डोळा तरी लागेल," पहिल्या मजल्यावरच्या नळाशी उभी असलेली बाई दुसरीला म्हणाली. मग जिना चढणारी मी तिला दिसले आणि तिने कळशी उगाच पुन्हा नळाखाली धरली. नळाला पाणी नव्हतं. दुसरी घाईघाईने म्हणाली, "सांभाळून चढ गो. ह्याच जिन्यावरून गेले ना बिचारे." मी मान हलवली आणि वर गेले. त्या दिवशी विनूकाकाचं बारावं होतं.

विनूकाका म्हणजे माझ्या पप्पांचा धाकटा भाऊ. करी रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तो आणि नीलाकाकू राहायचे आणि उरलेल्या जागेत त्याचे स्पीकर राहायचे. तो स्पीकर घरी बनवायचा, स्वतःसाठी आणि कधी कधी इतरांसाठी. तो गेल्याला काही आठवडे झाले. तो जिन्यावरून पडला नव्हता. त्याला खाली पटांगणात मारलं होतं आणि मी गॅलरीत उभी राहून ते पाहिलं होतं. तसं पाहिलं अर्ध्या चाळीने होतं. पण चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे, कोणाला कितव्या मजल्यावर खोली मिळणार हे कमिटी ठरवणार आहे, आणि कमिटीत तीच माणसं आहेत जी चाळीच्या मंडळात आहेत. काकू पप्पांना म्हणाली होती, "भावोजी, माका हयच रवाचा आसा." इथेच राहायचं तर बोलून चालणार नाही, हे पप्पांना कळलं. मला कोणी विचारलं नाही. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मी काही सांगेन असं काकूखेरीज कोणाच्या मनातही आलं नसावं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसा काका प्रेमळ वगैरे नव्हता. पप्पांचा पुढचा दात अर्धा आहे, तो लहानपणी काकाने पकड फेकून मारली म्हणून. पप्पांनी त्याचा ट्रान्झिस्टर न विचारता उघडला होता. एकदा महिनाभर खपून त्याने एक मोठा कॅबिनेट केला, वाजवून पाहिला, आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा येतोय म्हणत तो तसाच उचलून गॅलरीच्या कठड्यावर टेकवला. "खालती कोण आसा? बाजूक होवा रे!" एवढं ओरडला आणि दिला सोडून. आपण माणसांना आधी सावध केलं, याचा त्याला पुढे फार अभिमान होता. ठाकूरद्वारच्या एका गिऱ्हाइकाने "जरा बेस वाढवा ना" म्हटलं तेव्हा काकाने त्याची कॉलर धरून त्याला स्पीकरपासून चार हात लांब नेऊन उभं केलं. "हयसून ऐक. आता आसा मां बेस?" होता. गिऱ्हाईक पुन्हा आलं मात्र नाही.

माझा त्याच्याशी संबंध जुळला तो इंग्रजीमुळे. दादरला आमच्या घरी येऊन तो पप्पांना म्हणाला, "तुझ्या कॉन्व्हेंटाक जरा माझ्याकडे धाड." मी कॉलेजात होते. त्याला परदेशातल्या ट्वीटरची माहितीपत्रकं वाचून हवी होती. ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला बारीक, उंच आवाज काढणारा भाग. बाकी सगळं तो इथेच जमवायचा. फाटलेल्या वूफरला, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या भागाला, हातकागदाचे नवे कोन चिकटवायचा, विजेच्या मोटारी गुंडाळणाऱ्यांकडून तांब्याची तार आणायचा आणि ती गिरणीतल्या लाकडी बॉबिनवर गुंडाळून कॉइल करायचा. बॉबिन आजोबांच्या होत्या, गिरणी बंद पडली तेव्हा ते पिशवीभर घेऊन आले होते. नायगावच्या चाळी पाडायला लागल्यावर भंगारवाल्याकडून त्याने जुने सागवानी दरवाजे उचलले आणि त्यांचे कॅबिनेट केले. एका कॅबिनेटवर कडीच्या खुणा अजून होत्या. पण चांगला ट्वीटर काही हाताने होईना. त्याला रेशमाचा नखाएवढा घुमट लागतो. काकाने तोही करून पाहिला, काकूच्या लग्नातल्या शालूचा पदर कापून. काकू ते पाहून किंचाळली, काकाने हात उगारला, आणि तिने लाटण्याने त्याची करंगळी मोडली. ती करंगळी पुढे कायम वाकडी राहिली. शालूचा ट्वीटर पत्र्यासारखा वाजला.

मग आम्ही डेन्मार्कला मेल लिहायला लागलो. तो खाटेवर पाय दुमडून बसायचा, मी स्टुलावर.

"काय म्हणता तो डेन्मार्कवालो?"

"म्हणतोय, आत मोठं चुंबक आहे, विमानाने पाठवायला कुरियरवाले तयार नाहीत."

"मेल्याक सांग, बोटीन धाड."

"बोटीने आलं की कस्टममध्ये अडकतं, काका. मागच्या वेळी परत गेलं ना."

"मग पोहत येवंदे!"

शेवटी पप्पांच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिकडे गेले होते, त्यांनी ते दोन ट्वीटर लोकरी मोज्यांत गुंडाळून बॅगेतून आणले. काकाने ते बसवले त्या दुपारी मला समोर बसवलं आणि एक जुनी रेकॉर्ड लावली. "बोल, काय ऐकू येता?" मी पुढे वाकून ऐकलं. मग म्हटलं, "श्वास. ती बाई सूर लावायच्या आधी श्वास घेते, तो." त्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा खाली पडला. "ऐकलंस गो नीला! चेडवाक श्वास ऐकू येता!" आमच्या घरात माझं इतकं कौतुक कोणी केलेलं मला आठवत नाही.

त्या ट्वीटरना जपायला त्याने एक साधी युक्ती केली होती. प्रत्येक कॅबिनेटच्या मागे, ट्वीटरच्या वाटेत, स्कूटरच्या मागच्या दिव्याचा बल्ब जोडला होता. आवाज फार वाढला की बल्ब पेटतो, जास्तीचा करंट स्वतः खातो, आणि ट्वीटर जळत नाही. आवाज तेवढा थोडा बसतो.

या उन्हाळ्यात मंडळाच्या सत्यनारायणाला भाड्याचा साउंड ऐनवेळी आला नाही. दिनेशदादा, मंडळाचा सेक्रेटरी, काकाकडे आला. दोघांचं कधी पटलं नव्हतं. दिनेशदादा त्याला तोंडावर "खटपट्या" म्हणायचा आणि काका त्याला "भोंगो". पण काकाच्या मनात कधीपासून होतं, की एकदा ह्या चाळीला खरा आवाज ऐकवायचा. "न्हे सगळा खालती," तो म्हणाला, "पण त्या बल्बाक हात लावशीत तर हात तोडीन." सगळे हसले.

दुपारपर्यंत भक्तिगीतं वाजली तेव्हा काका गॅलरीत उभा राहून खालच्या लोकांचे चेहरे बघत होता. मग जेवणं झाली आणि पोरांनी नाचायची गाणी लावली, आवाज वाढवला. बल्ब पेटले, आवाज बसला. कोणीतरी मागे वाकून पाहिलं आणि ओरडलं, "अरे, म्हाताऱ्याने आवाज दाबायला बल्ब लावलाय!" दिनेशदादाने दोन्ही बल्बांच्या टोकांना वायरचे तुकडे जोडून ते वाटेतून काढून टाकले. एक गाणं पुरं व्हायच्या आत दोन्ही ट्वीटर जळाले. आधी उजवा, मग डावा. मी काकाशेजारी उभी होते. त्याला आवाजावरूनच कळलं.

तो बनियन-लुंगीवर खाली उतरला. दिनेशदादा हसतच म्हणाला, "काका, तुमचा माल चायना निघाला." काकाने त्याच्या थोबाडीत मारली. मग गळा धरून त्याचं डोकं सागवानी कॅबिनेटवर आपटलं, एकदा आणि परत एकदा. दिनेशदादाच्या कपाळातून रक्त आलं. तेवढ्यात दोघांनी काकाला मागून ओढलं आणि दिनेशदादाने मांडवाचा सुटा बांबू उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा गुडघ्यावर, मग काका खाली बसला. खाली बसलेल्या माणसाला कोणी मारत नाही असं मला वाटत होतं. त्याच्या डोक्यात मारलेल्या फटक्याचा आवाज मला वर ऐकू आला, गाणं चालू असताना... वूफर अजून वाजत होते. काकू ओरडत खाली धावली, पण तिच्यापुढे बायका आडव्या उभ्या राहिल्या. मग कोणीतरी गाणं बंद केलं आणि दोघा-तिघांनी काकाला उचलून जिन्याच्या पायाशी आणून ठेवलं. तिथूनच ती जिन्यावरून पडल्याची गोष्ट सुरू झाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकाने स्वतःच सांगितलं, "जिन्यावरना पडलंय." भोंग्याने आपल्याला मारलं हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. पोलीस आले, त्यांनी तेच लिहून घेतलं. संध्याकाळी त्याने मला जवळ बोलावलं. डोक्याला पट्ट्या होत्या, एक डोळा बंद होता. "दोनव गेले मां?" म्हणाला. मी हो म्हटलं. "आवाजावरनाच कळला माका." त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही.

मागच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. फोटोला हार, उदबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या. काकू माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी काही बोलू नये म्हणून, हे आम्हा दोघींना माहीत होतं. दिनेशदादा बोलायला उभा राहिला. कपाळावरची खूण अजून गुलाबी होती. "काका म्हणजे चाळीचा आवाज होता," तो म्हणाला. "हा जिना किती धोकादायक आहे, आपण कमिटीला कितीदा सांगितलं... आता तरी जिन्याला नवीन कठडा लावू, आणि त्याच्यावर काकांच्या नावाची पाटी लावू." लोकांनी माना डोलावल्या. पप्पा जमिनीकडे बघत होते.

काकूने माझं मनगट सोडलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती फोटोकडे बघत होती आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, उघडे.

"आता त्यांची पुतणी दोन शब्द बोलेल," दिनेशदादा म्हणाला. "बोल ताई, लाजू नको. इंग्लिशमध्ये बोललीस तरी चालेल, आम्ही समजून घेऊ." थोडे लोक हसले.

मी उभी राहिले. माइक घेतला नाही. हॉल लहान आहे, आणि मला वाटत होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला.

"काका जिन्यावरून पडला नाही. पहिली थोबाडीत त्याने मारली, दिनेशदादाला, आणि डोकं आपटलं तेही त्यानेच. मग तो खाली बसला होता. बसलेला असताना दिनेशदादाने बांबू त्याच्या डोक्यात मारला. मी गॅलरीत होते, मी पाहिलं. पाटी लावायची असेल तर हे लिहून लावा."