शेवटच्या बाकावरची आई

गोष्टींच्या पुस्तकांतले पाद्री फार दुःखी असतात. मी वाचनालयातून पुस्तकं आणते आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिलाई मशीनवर कोपरं टेकून वाचते, म्हणून मला माहीत आहे. एकाला दारू, दुसऱ्याला बाई, आणि ज्याला यातलं काहीच नाही त्याला शंका! देव आहे की नाही, म्हणून बिचारा पानंच्या पानं खिडकीबाहेर बघत बसतो. असलं पुस्तक मिटताना दरवेळी वाटतं, अहो लेखकमहाराज, कधी एखाद्या पाद्र्याचे मोजे धुतलेत का?

मी धुतलेत. माझा धाकटा भाऊ पाद्री आहे. चर्चच्या दाराच्या आत मी त्याला 'फादर' म्हणते, अहो-जाहो करते. दाराबाहेर पाऊल पडलं की तो पुन्हा माझा भाऊ, आणि मग 'अरे गाढवा'पासून पुढं काहीही चालतं. बिशपनं त्याच्या बऱ्याच ठिकाणी बदल्या केल्या आणि शेवटी आमच्याच चर्चमध्ये आणून ठेवला. समोरच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान, वरच्या दोन खोल्यांत मी आणि आई. नवरा गेल्यापासून मी आईकडेच असते. शाळेचे गणवेश शिवते, पडदे शिवते, आणि पाद्र्यांचे झगेही शिवते.

दिसायला भाऊ आडदांड आहे. आवाज असा की चर्चमधला माईक बंद पडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रवचन आटोपशीर. म्हणतो, "ताई, लोकांच्या घरी गॅसवर काहीतरी ठेवलेलं असतं." लग्न लावताना नवऱ्या मुलाला कोपऱ्यात घेऊन दम देतो, छप्पर गळलं की स्वतः शिडीवर चढतो. सोमवारी पाद्र्यांना सुट्टी असते. त्या दिवशी तो दुकानात येतो, बूट भिरकावतो, स्टुलावर बसून चहा पितो आणि मला सुईत दोरा ओवून देतो. बूट भिरकावले म्हणजे सगळं ठीक. जोडीनं नीट ठेवले, की समजायचं साहेबांचं काहीतरी बिनसलंय.

एकदा असलंच एक रडकं पुस्तक संपवून मी त्याला थेट विचारलं, "खरं सांग, तुला कधी शंका येते?"

"येते की."

माझ्या हातातली कात्री थांबली. "कशाची रे?"

"प्लंबरची. नळ दुरुस्त केला म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब थेंब." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "अगं, सकाळी उठतो, वेदीपुढं उभा राहतो, आणि मला बरं वाटतं. रोज वाटतं. कंटाळा येतो तो मीटिंगांचा. देवाचा नाही येत."

आता काय लिहिणार याच्यावर पुस्तक?

पण दिव्याखाली अंधार असतोच. याच्या दिव्याखालचा अंधार म्हणजे आमची आई.

ज्यांना मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्सेत एक वेळ येते तेव्हा लोक रांगेनं पुढं जातात. पाद्री एकेकाच्या हातावर प्रसादाची पातळ चकती ठेवतो आणि म्हणतो, 'ख्रिस्ताचं शरीर.' घेणारा म्हणतो, 'आमेन.' झालं. पण ज्याच्या मनावर मोठं पाप आहे त्यानं आधी पाद्र्याजवळ पापाची कबुली द्यायची आणि मगच रांगेत यायचं, असा नियम आहे. म्हणून जो बाकावर बसून राहतो त्याच्याकडे लोक वळून वळून बघतात.

आई बसून राहायची. भावाच्या पहिल्या मिस्सेपासून! चर्च गच्च भरलेलं, नवा कोरा पाद्री वेदीपाशी उभा, सगळे नातेवाईक रांगेत, आणि त्याची सख्खी आई शेवटच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसलेली. पुढं त्याची जिथं जिथं बदली झाली तिथं ती दर रविवारी गेली आणि शेवटच्या बाकावरच बसली. अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. मिस्सा एकही चुकवली नाही, आणि प्रसाद एकदाही घेतला नाही, ना त्याच्या हातून, ना दुसऱ्या कोणाच्या.

लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी म्हणे मायलेकांचं घरावरून वाजलंय. आमच्या गायकवृंदाच्या बाई तर म्हणाल्या, "तरुणपणीचं काहीतरी असणार हो." मी त्यांच्या नव्या झग्याच्या बाह्या मुद्दाम चार बोटं आखूड शिवल्या आणि वर सांगितलं की हल्ली हीच फॅशन आहे.

भावाकडे नवे पाद्री शिकायला येतात. त्यांना तो बजावून सांगतो, "रांगेत कोण आलं नाही ते बघायचं नाही. ते त्याचं आणि देवाचं." आणि स्वतः काय करतो? दर रविवारी शेवटचा माणूस प्रसाद घेऊन वळला की प्रसादाची वाटी हातात धरून क्षणभर थांबतो आणि मागं बघतो. लोकांना वाटतं फादर प्रार्थना करताहेत. मी त्याची बहीण आहे, मला कळतं.

एका सोमवारी बूट जोडीनं ठेवले गेले. बराच वेळ दोरा सुईत जाईना.

"ताई," तो म्हणाला, "आईला माझ्या हातचं का चालत नसेल?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"पूर्वी एकदा विचारलं होतं. म्हणाली, 'ते माझं आणि देवाचं आहे, तू मध्ये पडू नकोस.' आता मध्ये पडणं हाच तर माझा धंदा!" तो हसला, पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मला वाटतं, तिला माझ्याबद्दल काहीतरी दिसत असेल. आयांना दिसतं ना. सगळं गाव म्हणतं फादर चांगले, आणि तिला आतलं दिसतं. मी लायक नसेन."

मला असा राग आला! आईचा, त्याचा, त्या चकतीचा, सगळ्यांचाच. एवढा उंचापुरा माणूस, मेलेल्यांच्या घरी जाऊन जित्यांना हसवून येणारा, आणि आत हे घेऊन फिरत होता.

त्यानंतर आई अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जितकं चालेल तितकं चालेल. भाऊ रोज संध्याकाळी यायला लागला. उशाशी बसून चमच्यानं तिला सूप पाजायचा. माझ्या हातून दोन चमचे घेऊन तोंड फिरवणारी आई त्याच्या हातून वाटीभर प्यायची, वर म्हणायची, "मीठ कमी आहे, पण तू भरवतोयस म्हणून." त्याच्या शर्टाच्या खिशात प्रसादाची लहान गोल डबी असायची. ती तो रोज आणायचा आणि रोज तशीच परत न्यायचा. त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. आई जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिनं त्याच्या हातून प्रसाद घ्यावा.

शेवटी मीच तिच्यावर ओरडले. "तुला हा नको असेल तर दुसरा पाद्री आणते. कबुली दे आणि मोकळी हो ना!"

आई शांतपणे म्हणाली, "ज्याचं वाईटच वाटत नाही त्याची कबुली कशी देऊ? पाद्र्याला फसवेन गं. देवाला कसं फसवू?"

खरंच होतं तिचं. पश्चात्ताप नसेल तर कबुलीला अर्थ नाही, हे तर लहानपणी पहिल्याच धड्यात शिकवतात. म्हणजे ही बाई इतकी वर्षं लाजेनं मागं बसली नव्हती. ती प्रामाणिकपणानं मागं बसली होती!

मी हे भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि सूप द्यायच्या आधी त्यानं खिशातून जांभळी पट्टी काढून गळ्यात घातली. पापकबुली ऐकताना पाद्री ती घालतो. ती गळ्यात असताना जे ऐकलं ते कायमचं कुलूपबंद, कोणी मान कापली तरी सांगायचं नाही. ही पट्टी मीच शिवलेली. उजव्या बाजूनं तिचं अस्तर लवकर विरतं, कारण लोकांचं ऐकताना तो उजवीकडे कलतो.

आईनं त्याच्याकडे बघितलं. "ती पट्टी काढ आधी."

"आई, मी तुझं..."

"काढ म्हणते ना. ती घातलीस की तू नुसता कान होतोस. मला माझ्या मुलाशी बोलायचंय." मी उठायला लागले तर मलाही दटावलं, "तू कुठं निघालीस? बस. चोरीचा मामला नाही हा."

त्यानं पट्टी काढली, घडी करून गुडघ्यावर ठेवली.

"तू घर सोडून गेलास त्या दिवसापासून मी देवाकडे एकच मागते," आई म्हणाली. "माझा मुलगा मला परत दे. तू वेदीवर हात वर करतोस, सगळे डोळे मिटतात, आणि मी मागं बसून म्हणते, सोड त्याला, घरी पाठव. मला त्याचं वाईट वाटत नाही. उद्याही हेच म्हणेन. ज्यानं माझा एकुलता एक मुलगा उचलून नेला, त्याच्याच पंगतीला जाऊन बसू? आणि वाढायला कोण, तर माझाच मुलगा! माझ्या घशाखाली उतरलं नसतं रे."

भाऊ आधी हसला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसणं आणि रडणं दोन्ही एकदमच चालू होतं.

"अगं आई, हे पाप नाही. ही प्रार्थना आहे. देवाशी भांडायला बंदी नाही. कोणत्याही पाद्र्याला विचारलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं."

"पाद्र्याला विचारू? ते सगळे त्याच्याच बाजूचे!" आई म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इतकी वर्षं उपाशी राहिले ती उगाचच?"

"उगाच नाही. माझ्यामुळे." आता तो हसत नव्हता. "मी जाताना तुला काय म्हटलं होतं? देवानं मला बोलावलंय. पाद्री व्हायला सेमिनरीत जाणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. तशी रीतच आहे बोलायची. पण मला कोणी हाक मारली नव्हती, आई. ना आवाज, ना स्वप्न. मला जायचं होतं. मला ते मनापासून आवडत होतं. ते आवडणं म्हणजेच बोलावणं, असं आज मी म्हणेन. पण पाय माझे होते. 'मी चाललो' असं तुझ्या तोंडावर म्हणायची छाती झाली नाही, म्हणून देवाला पुढं केलं. त्यानं तुझा मुलगा नेला नाही गं. तुझा मुलगा आपल्या पायांनी गेला. भांडायचं तर माझ्याशी भांड."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"आणि मी परत यायचा नाही," तो हळूच म्हणाला. "उद्याही नाही. मी सुखात आहे."

आईनं हात उचलला. आणि त्याच्या गालावर एक चापट ठेवून दिली. "मेल्या! हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं तुला? त्या देवाला मी काय काय बोलले असेन!"

"त्याला सवय आहे."

"खरंच सुखात आहेस?"

"ताईला विचार."

आई माझ्याकडे वळली. मी काय सांगणार? कशीबशी म्हणाले, "आई, मी त्याचे मोजे धुते. सुखात आहे तो."

आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "घाल ती पट्टी. आणि तू जा गं आता खाली."

मी खाली गेले आणि दोरा न ओवताच मशीन चालवत बसले, म्हणजे वरचं काही कानावर पडायला नको. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि त्याला विचारायची सोय नाही. खाली आला तेव्हा डबी त्याच्या खिशातच होती.

"नाही म्हणाली?"

"म्हणाली, घरी नको, रविवारी चर्चमध्ये." तो नाक पुसत होता. "म्हणाली, 'लोकांनी मला इतकी वर्षं मागं बसलेली बघितलंय, आता पुढं आलेली बघू दे.'"

डॉक्टर नको म्हणाले. आई त्यांना म्हणाली, "तुम्ही काय मला अमर करणार आहात का?" रविवारी गल्लीतल्या दोघा सुतारांनी तिला चाकाच्या खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मी तिला तिची ठेवणीतली निळी शाल पांघरली होती. खुर्ची मी मधल्या वाटेनं ढकलत नेली आणि शेवटच्या बाकापाशी मुद्दाम थांबले नाही. गायकवृंदाच्या बाई गाता गाता थांबल्या. त्यांच्या बाह्या आखूडच होत्या.

रांगेत सगळ्यात पुढं आम्ही. भाऊ वाटी घेऊन आला, चकती बोटांत धरली, आईपुढं वाकला आणि तोंड उघडलं. आवाजच फुटेना. माईकशिवाय अख्खं चर्च भरून टाकणारा माझा भाऊ, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. ओठ हलत होते, आणि मागं सगळी रांग ताटकळत उभी होती.

आईनं मान वर केली आणि म्हणाली, "बोल की रे. लोक खोळंबलेत."

"ख्रिस्ताचं शरीर," तो पुटपुटला. खुर्चीमागं उभ्या असलेल्या मलाही ते जेमतेम ऐकू आलं.

"आमेन," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचला.