दोन बिल्ल्यांचा खिसा

आमच्या मोठ्या काकूची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. अर्ध्या गल्लीचे कपडे तिने शिवले आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीची खरडपट्टी काढली. माप देताना कोणी पोट आत ओढलं की म्हणायची, "सोडा श्वास. जेवताना मी येणार आहे का पोट धरायला?" तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. अजून मला शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की ती आठवते.

काका संध्याकाळी खाणीतून आले की बूट काढायच्या आधी तिच्या मशीनचं चाक उगाच एकदा फिरवायचे. "दोरा तुटेल ना!" ती ओरडायची. ते हसायचे. रोज तेच ओरडणं आणि रोज तेच हसणं. त्याशिवाय आमच्या घरी दिवे लागायचे नाहीत.

काका आणि माझे बाबा सख्खे भाऊ, एकाच पाळीला, एकाच बोगद्यात. काका सावकाश. बाबा धाकटे आणि उतावळे. "यांचे बूट निघेपर्यंत भाऊजींची आंघोळ उरकते," असं काकू म्हणायची.

खाणीत एक नियम होता. उतरताना फळीवरून आपल्या नंबराचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आल्यावर परत त्याच खिळ्याला लावायचा. खिळा मोकळा दिसला की माणूस आत आहे. पण पाळी सुटताना फळीपाशी झुंबड उडायची, म्हणून दोघा भावांनी पळवाट काढली: जो आधी निघेल त्याने दोघांचे बिल्ले न्यायचे आणि लावून टाकायचे. आधी कोण निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी सात वर्षांची असताना एके दिवशी पाळी सुटताना काका बाबांना म्हणाले, "तू हो पुढे. मी हत्यारं गोळा करून येतो." बाबांनी वर येऊन दोन्ही बिल्ले लावले. हात धूत होते, तेवढ्यात जमीन हादरली. खाली छत बसलं होतं.

बाबांनी आणि सोबत्यांनी तीन दिवस हातांनी दगड उपसले. मग पाणी भरलं आणि बोगदा बंद केला. कचेरीने फळीकडे बोट दाखवलं: एकही खिळा मोकळा नाही, म्हणजे आत कोणी नाही. काकांच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलं. "माझा भाऊ आत आहे," बाबा घसा फोडून सांगत होते. पण मग बिल्ला वर कसा, असं विचारलं की त्यांची दातखीळ बसायची. दुसऱ्याचा बिल्ला लावणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढत.

काका पळून गेले, असंही काही टवाळांनी उठवलं. एकाने ते काकूच्या तोंडावर म्हटलं, तेव्हा तिने त्याची अर्धवट शिवलेली पँट तशीच त्याच्या हातात दिली. "फिरा आता एका पायाने."

पुढे खाण बंद पडली, फळी भंगारात निघाली. काकू जाऊन काकांचा बिल्ला मागून घेऊन आली. ती तो भिंतीवर लावेल असं आम्हाला वाटलं. तिने तो मशीनच्या खणात टाकला. "माणूस वर आल्याशिवाय लावायचा नसतो," म्हणाली. काकांना बाहेर काढा म्हणून तिने अकरा अर्ज केले. अकराही वेळा तेच उत्तर आलं: आत कोणी नाही.

तीस वर्षांनी नोटीस लागली. खाणीचं तोंड काँक्रीट ओतून कायमचं बुजवणार. आत कोणाचं माणूस राहिलं असेल तर महिन्याभरात पुराव्यासह कळवा. काकूच्या कापड बेतायच्या टेबलावर मी बारावा अर्ज भरायला बसले. बाबा समोर होते. 'आत असल्याचा पुरावा' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"वहिनी," बाबा म्हणाले, "दादाचा बिल्ला मी लावला होता."

काकूने हातातली शिवण संपवली, दोरा तोडला. "माहीत आहे मला."

"कसं?"

"बिल्ले एकमेकांवर वाजतात म्हणून दोन कप्प्यांचा खिसा कोणाकडून शिवून घेतला होतात?"

बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. "मग बोलला का नाहीत कधी?"

"तुमची नोकरी गेली असती तर दोन्ही घरच्या चुली विझल्या असत्या. नंतर वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल. फार वाट पाहायला लावलीत, भाऊजी. राग यायचा मला. कितीदा तरी तुमच्या बाह्या मी मुद्दाम तोकड्या शिवल्यात."

बाबांचे हातच लांब आहेत, असं मी आयुष्यभर समजत होते.

बाबांनी सगळं लिहून खाली सही केली. खोदणाऱ्यांना पाच आठवडे लागले. हाडं मिळाली, बूट मिळाले. शेजारी हत्यारांची पिशवी होती, सगळी हत्यारं आत भरून पट्टा नीट आवळलेला.

अस्थींची पेटी घरी आली ती काकूने मशीनशेजारी ठेवायला लावली. मशीनचं चाक एकदा रिकामंच फिरवलं. मग खण उघडून बिल्ला पदराने पुसला आणि बाबांच्या हातात दिला. दाराजवळच्या भिंतीत तिने सकाळीच खिळा ठोकून ठेवला होता.

"लावा आता."

बाबांचा पहिल्यांदा खिळा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला.

"सावकाश, भाऊजी," काकू म्हणाली. "आज कसली घाई आहे?"