तीनधारी निवडुंग

आमचं पहिलं बाळ जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलं, तेव्हा आम्हाला बंगलोरला येऊन वर्षही झालं नव्हतं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. यजमान कारखान्यात जात आणि मी क्वार्टरमध्ये नुसती बसून असे. रडूही येत नव्हतं.

शेजारी बेळगावकडच्या एक अक्का राहत. त्यांच्या भिंतीवर तीनधारी निवडुंगाचा वेल चढला होता. त्याचा तुकडा घेऊन त्या एका सकाळी आल्या.

“लगेच लावू नकोस. कापलेली जागा सावलीत सुकू दे, मग वाळूत खोच. पाणी स्वल्प.”

“सरी,” मी नुकत्याच शिकलेल्या कानडीत होकार दिला आणि सांगितलं तसं केलं.

“अगं, कोंब आलाय!” एके दिवशी यजमान अंगणातून ओरडले. मी “हो का?” म्हटलं आणि भांडी घासत राहिले.

काही वर्षांनी वेल कौलांपर्यंत गेला आणि त्याला एक लाल फळ धरलं. यजमानांनी ते कापलं. आत पांढरा गर होता, त्यात तिळासारख्या काळ्या बिया.

“पाणचट आहे,” ते म्हणाले. “तुला कसं लागतंय?”

“गार,” मी म्हटलं, आणि उरलेलं फळ सगळं खाल्लं.